फोन सटाण्याला, आम्ही मनमाडला

ट्रकमध्ये चढताना पहिला पाय कुठला टाकायचा, हे साताऱ्याच्या बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी शिकवलेलं नसतं. नाशिकच्या आडगाव नाक्याजवळ सकाळी मी आधी डावा टाकला, मग उजव्याला जागाच उरली नाही आणि मी पायरीवर बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिले. वरून माझा भाचा किरण हात देत होता, खालून माझी ताई ओरडत होती, "अगं शालन, ह्या वयात काय हे थेर! चल आमच्याबरोबर बसने!"

"बसने सगळं जग जातं," मी म्हटलं आणि पदर खोचून एकदाची केबिनमध्ये पडले. पडले म्हणजे पडलेच. पण काय ते केबिन! खिडकीतून खाली बघावं तर मोटारींची टपं दिसत होती. क्लीनरच्या सीटवर लाल गालिचा होता आणि समोर देवीची तसबीर, तिला ताज्या झेंडूचा हार. मी साठी गाठायला आलेली बाई, पण टाळ्या वाजवल्या. ताईने कपाळावर हात मारला.

आम्ही कुठे निघालो होतो ते आधी सांगते. मनमाडला. किरणला मुलगी बघायला. ताई आणि भावजी बसने येणार होते. किरण मात्र पशुखाद्याची पोती घेऊन निघाला होता. माल मनमाडच्या गोदामात उतरवायचा आणि तिथूनच मुलीच्या घरी जायचं, असा बेत. मला आयुष्यात एकदा ट्रकमधून हिंडायचं होतं, तेव्हा मी हट्टाने त्याच्याबरोबर निघाले. चिवड्याचं पाकीट, पाण्याची बाटली, ठेवणीतली पैठणी, सगळं आठवणीने घेतलं. ओझरच्या पुढे आल्यावर कळलं, माझा स्वतःचा फोन ताईच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला.

"राहू दे की," किरण म्हणाला. "माझा हाय ना. त्याच्यावर सगळं जग बोलतं, तू पण बोल."

ते खोटं नव्हतं. पिंपळगाव येईपर्यंत त्याचा फोन सात वेळा वाजला. 'किरण, लोकेशन टाक.' 'किरण, सीलचा फोटो नाही आला.' 'किरण, कुठवर?' चालत्या गाडीत तो फोनला हात लावत नाही, हे मला फार आवडलं. पण मग दर वेळी गाडी कडेला घ्यावी लागायची. शेवटी मीच ऑपरेटर झाले. "नमस्कार, किरण गाडी चालवत आहेत, मी त्यांची मावशी बोलते," असं मी बँकेतल्या आवाजात म्हटलं, की पलीकडचा माणूस कसाबसा म्हणायचा, "मॅडम, लोकेशन..."

"फोन कंपनीने दिलाय का रे?" मी विचारलं.

"कुठलं काय! ट्रक मालकाचा, माल कंपनीचा, फोन माझा. रिचार्ज पण माझाच." त्याने गिअर बदलला. "सकाळी उठल्यापासून फोटो. भरलेल्या गाडीचा फोटो, रिकाम्या गाडीचा फोटो, टायरचा फोटो. आईचा फोटो ठेवायला जागा नाय राहिली, मावशे."

मी त्याचे फोटो उघडून बघितले. खरंच, टायर, ताडपत्री, पावती, टायर. त्यातच त्याने एक पराक्रम करून ठेवला होता. मुलीकडच्यांनी फोटो मागितला, तर ह्याने घाईत स्वतःचा सोडून मागच्या चाकाचा पाठवला. मुलीचं उलट उत्तर आलं होतं: 'चाक छान आहे. मालक दाखवा.'

ते वाचून मी इतकी हसले की मला उचकी लागली. पोरगी मला तिथेच पसंत पडली. तिचं नाव अश्विनी, मनमाडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला.

पण किरण हसत नव्हता. "लय टेन्शन हाय," तो म्हणाला. (लय आमच्या साताऱ्यातही चालतं. नाशिककडे भूकही लय लागते आणि टेन्शनही लय येतं.) अश्विनीची थोरली बहीण एका ड्रायव्हरलाच दिलेली आहे. ती माहेरी आली की एकच सांगते, आमच्या ताटाशी तिसरं माणूस बसतं, त्याचं नाव फोन. म्हणून अश्विनीने आधीच बजावलं होतं: 'तुम्ही कामावर असताना दुपारी दोनला मी फोन करीन. दहा मिनिटं बोला. मध्येच दुसरा फोन आला आणि एक मिनिट हां म्हणालात, तर संध्याकाळी पोहे खा आणि निघा.'

"मग दोन वाजता ऑफिसचा फोन घेऊ नकोस."

"नाय घेतला की मालकाला फोन जातो. मालक मला करतो. नाय घेतला की गाडी दुसऱ्याला देतो." त्याने काचेबाहेर बघत सांगितलं, "चार ठिकाणी नकार आला, मावशे. ड्रायव्हर म्हटलं की पुढचं कुणी ऐकतच नाय. हिने निदान अट तरी घातली."

मग मात्र मी चिवडा खायचा थांबवला.

चांदवडच्या अलीकडे एका धाब्यावर आम्ही जेवायला थांबलो. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, पुढे सातमाळ्याचे डोंगर कापलेल्या वड्यांसारखे सरळ रेषेत उभे. शेवभाजी आली ती अशी लालभडक, की पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफा निघाल्या. सातारकर असून मी पाणी मागितलं, ही गोष्ट कृपया आमच्या गल्लीत सांगू नये.

त्या धाब्यावर एक बघण्यासारखी व्यवस्था आहे. गल्ल्याशेजारी फळीवर चार्जिंगचे प्लग ओळीने बसवलेले. ड्रायव्हर आला की आधी फोन लावतो, मग हात धुतो. आता सगळ्यांचे फोन स्वस्तातले, सगळे काळे, सगळ्यांच्या काचा तडकलेल्या. ओळखायचे कसे? तर प्रत्येकाची खूण ठरलेली. कुणाच्या फोनला पिवळा दोरा, कुणाच्या पाठीवर चिकटपट्टी, किरणच्या फोनला जाड तांबडा रबर. कुलूप मात्र कुणाच्याच फोनला नाही, कारण वजनकाट्यावरचा, गेटवरचा, जो तो फोन हातात घेऊन आपलं काम करून घेतो. गल्ल्यावरचे काका खूण बघून फोन हातात देतात.

"आणि ह्याला काहीच नाही तो?" मी विचारलं.

"तो नानांचा," काका म्हणाले. "काहीच खूण नाय, हीच त्यांची खूण."

नाना आमच्या शेजारच्याच बाजेवर जेवत होते. सटाण्याचे, पांढऱ्या मिशांचे, स्वतःची गाडी चालवणारे. माझी ट्रकची हौस ऐकून त्यांनी मिशीला ताव दिला. "बाई, तुम्ही हिंमतवान शे," ते म्हणाले. (सटाण्याकडे अहिराणी चालते, तिथे 'आहे'ला 'शे' म्हणतात.) मी फुलून गेले.

आणि फुलून गेल्यामुळेच पुढचं घडलं. चिवड्याचं पाकीट उघडं, खाली सांडायला लागलेलं. किरणचा फोन किती भरला ते बघायला मी फळीजवळ गेले, तर त्याच्या फोनला तो छान जाड रबर. खुणेचं पार विसरले, म्हटलं, फोनला कशाला हवा रबर? काढला आणि पाकिटाला लावला. बँकेतली सवय, दिसला रबर की लाव कशाला तरी.

नाना आधी उठले. काकांनी बिनखुणेचा फोन त्यांच्या हातात दिला. थोड्या वेळाने आम्ही उठलो. काकांनी उरलेला काळा फोन किरणला दिला, त्याने तो न बघताच खोबणीत खोचला. त्याचं चित्त दोन वाजण्याकडे होतं. कित्येक वर्षं सुरळीत चाललेला तो कारभार मी एका दुपारच्या जेवणात मोडून ठेवला.

आणि गंमत बघा, चांदवड येईपर्यंत फोन एकदाही वाजला नाही! किरण रेणुकामातेच्या डोंगराकडे बघून हात जोडतोय, मी म्हणतेय, "देवीची कृपा रे, देवीची कृपा!" चांदवडला सटाण्याकडे जाणारा देवळ्याचा रस्ता सोडून आम्ही मनमाडच्या रस्त्याला लागलो. तेवढ्यात फोन वाजला. वर नाव आलं, 'घर'.

"ताईच असणार," म्हणत मी उचलला. "बोल गं."

पलीकडून मग खणखणीत आवाज आला, "तू कोन शे?"

गाडीच्या घरघरीत मला आवाज कुठला ओळखू येतोय! "अगं मी शालन!"

"कोन शालन? आमचं माणूस कोठे शे?"

"गाडी चालवतोय. पोटभर जेवलाय, मी माझ्या हाताने शेवभाजी वाढली त्याला. आता मुलगी बघायला चाललोय आम्ही!"

पलीकडून जो आवाज आला तो मी लिहून दाखवू शकत नाही. फोन कट झाला.

"मावशे," किरण हळूच म्हणाला, "आईचा आवाज असा नाय." त्याने गाडी कडेला घेतली आणि फोन हातात घेतला. पडद्यावर तीन अनोळखी नातवंडं दात काढून हसत होती. किरणने फोन उलटा केला. पालथा केला. मग विचारलं, "रबर कुठंय?"

मी मांडीवरच्या चिवड्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ट्रकमधून उडी मारावीशी वाटली. पोराच्या लग्नाचं एवढं नाजूक काम आणि ते मी चिवड्यापायी घालवलं! परत फिरावं तर नाना एव्हाना देवळ्याच्या वाटेला लागलेले, आणि गोदामात तीनच्या आत पोचलं नाही तर माल घेत नाहीत. अश्विनीचा नंबर किरणच्या फोनमध्ये. ताईचा नंबरही त्यातच. मला पाठ असलेला एकमेव नंबर म्हणजे आमच्या साताऱ्याच्या घरचा लँडलाइन, तो बंद करूनही जमाना झाला. किरणला फक्त स्वतःचा नंबर पाठ होता. तो त्याने लावला. बिझी. परत लावला. बिझी.

सातव्या खेपेला नानांनी उचलला. "अरे पोऱ्या, हाऊ फोन शे का भोंगा?" (हा फोन आहे की भोंगा?) "गाडी उभी करी करी थकलो! तुमचा ऑफिसवाला मले सांगतो, मनमाडला वळ. मी सांगितलं, भाऊ, मी सटाण्याले राहतो, मी मनमाडला वळून काय करू?"

"नाना, ऐका, दोन वाजता एक—"

"थांब, परत आला त्याचा," नाना म्हणाले आणि गेले. त्यानंतर बिझी, बिझी आणि बिझी. कंपनीला नकाशावर आपली गाडी सटाण्याच्या दिशेने पळताना दिसत होती, तेव्हा ते लोक कशाला थांबतात! मेसेज टाकला, पण चष्म्याशिवाय नानांना तो दिसणार नव्हता, हे नंतर कळलं.

मनमाडच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली किरणने गाडी उभी केली. दोन वाजायला पाच मिनिटं होती. समोर हडबीची शेंडी आभाळात अंगठा वर केल्यासारखी उभी. एरवी मी तिच्याकडे बघून चार पानं वर्णन केलं असतं. त्या दिवशी मला तो अंगठा कुचेष्टा करतोय असं वाटलं.

"झालं, मावशे," किरण म्हणाला. "आता तिचा फोन नाना घेणार, नायतर बिझी लागणार. दोन्हीकडून मेलोच."

"माझंच चुकलं रे," मी म्हटलं आणि मला रडू आलं. तो बिचारा माझीच समजूत काढत बसला. दोन वाजले. दोन वाजून चार मिनिटं झाली. सहा झाली.

आणि फोन वाजला. नाव नाही, नुसता नंबर. किरणने कपाळाचा घाम पुसून उचलला, "हॅलो?" पलीकडून कुणीतरी हसत होतं. असं खळखळून, थांबताच येईना असं हसू मला शेजारी बसूनही ऐकू आलं.

मी पटकन खाली उतरले. ह्या वेळी पाय बरोबर पडले. कडुनिंबाखाली बसून मी घड्याळ धरलं. पाच मिनिटं. आठ. दहा. फोन मध्ये वाजला नाही. वाजणार कसा? त्याच्या कंपनीचे, मालकाचे, गोदामाचे सगळे फोन तिकडे देवळ्याच्या रस्त्यावर नाना घेत होते! ह्या फोनवर फोन करणारं एकच माणूस होतं, नानांची बायको, आणि ती बाई माझ्यावर रुसून बसली होती. मी तिथे एकटीच हसायला लागले. एक मेंढपाळ थांबून म्हणाला, "बरं हाय ना, बाई?" मी त्याला चिवडा दिला.

तेवीस मिनिटांनी किरण खाली उतरला. कान लाल.

"सांग ना रे!"

मग कळलं. अश्विनीने बरोबर दोनला फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला नोकरी करणारी बायको चालेल का?" नाना म्हणाले, "मले काय करायची, मले तीन नातवंडं शेतस!" मग सगळा उलगडा झाला. नानांनी तिला आपला नंबर सांगितला आणि वर म्हणाले, "तू तिकडे निवांत बोल, पोरी. त्याचं ऑफिस मी सांभाळतो."

"आणि मग तू काय बोललास?"

"खरं तेच बोललो," किरण म्हणाला. "म्हटलं, आत्ता शांत वाटतंय ते माझं नाय, उधारीचं हाय. उद्या फोन परत मिळाला की वाजायला लागेल. मी फसवणार नाय."

"त्यावर ती काय म्हणाली?"

"काय नाय. बाकीचंच विचारत बसली. मला भाकरी येते का, पुस्तक वाचतो का. शेवटी म्हणाली, पोहे खायला या."

आता पोहे खायला या म्हणजे हो, की नुसतेच पोहे? मी मनमाडच्या वेशीपर्यंत हाच काथ्याकूट करत होते.

गोदामावर वेगळीच वरात. तिथे ड्रायव्हरच्या फोनवर सहा आकडी नंबर येतो, तो सांगितल्याशिवाय एक पोतं उतरत नाही. नंबर गेला नानांकडे. नाना वाटेत कुणाचा तरी चष्मा मागून एकेक आकडा ओरडून सांगतायत, किरण तो गेटवाल्याला ओरडून सांगतोय, गेटवाला म्हणतोय, "हा कोणता प्रकार!" हमाल पोती टाकून मजा बघायला आले. पण माल उतरला. मी गोदामाच्या मागच्या खोलीत पैठणी नेसले, तिला अजून भुशाचा वास येतोय.

मुलीच्या घरी ताई-भावजी आधीच बसले होते. अश्विनीचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. पोहे आले, चहा आला. बराच वेळ त्यांनी किरणच्या खिशाकडे रोखून बघितलं. "पाव्हणं, तुमचा फोन वाजत नाही?"

किरण माझ्याकडे बघतोय, मी छताकडे बघतेय.

तेव्हा अश्विनी पहिल्यांदा बोलली. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची पोरगी. "बाबा, त्यांचा फोन खूप वाजतो. त्यांनी स्वतःच सांगितलं मला. मला पसंत आहे." मग किरणकडे वळून म्हणाली, "फक्त तुम्ही दुपारी ज्या नंबरवर बोललात ना, तसला एक नंबर पाहिजे."

"तो नानांचा आहे," किरण घाबरून म्हणाला.

"मग तसला दुसरा घ्या. कंपनीला सांगू नका."

ताईला काही कळेना, तिने नुसताच पदर डोळ्याला लावला. मी मात्र पोह्यांची बशी हातात घेऊन उभी राहिले आणि 'अगंबाई!' म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या बायका गोळा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना त्याच धाब्यावर नाना भेटले, कांदा भरून नाशिकला निघालेले. एकटे नव्हते. केबिनमधून नऊवारी नेसलेल्या एक आजी उतरल्या, सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हीच का ती?" त्यांनी नानांना विचारलं.

"हीच शे," नाना जमिनीकडे बघत म्हणाले.

आजींनी माझे पिकलेले केस बघितले, चष्मा बघितला. मग त्यांची खात्री पटली असावी, कारण त्यांनी पिशवीतून ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या पदरात घातल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि दोघी हसत सुटलो.

नानांनी किरणचा फोन परत दिला. "घे बाबा तुझी बला. एका दिवसात मले म्हातारं केलं." किरणने हातात घेतला न घेतला तोच तो वाजला. 'किरण, लोकेशन टाक.' तो हसला, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि मगच उचलला. मी चिवड्याच्या पाकिटाचा रबर काढून गुपचूप त्याच्या फोनला चढवला. गल्ल्यावरचे काका माझ्याकडे बघत होते. त्या फळीच्या जवळ जायची मला आता बंदी आहे.

साताऱ्यात येऊन आठवडा झाला. घरी एवढी शांतता की घड्याळाची टिकटिक ऐकू येते. परवा किरणचा फोन आला, नव्या नंबरवरून. "मावशे, दुसरा फोन घेतला. हा नंबर फक्त तिघांकडे. आई, ती आणि तू. कुणाला देऊ नको."

मला काय आनंद झाला! माणसाला स्वतःच्याच फोनवर स्वतःचं बोलता येऊ नये, हे मला त्या प्रवासात पहिल्यांदा दिसलं होतं, आणि आता त्या पोराला जगापासून लपवलेले दहा आकडे मिळाले, त्यात माझा वाटा. मी नंबर वहीत लिहिला, फोनमध्ये घातला, पाठसुद्धा केला. काल दुपारी लावून बघितला, लागतोय का म्हणून. बिझी. थोड्या वेळाने परत लावला, म्हटलं पोरगं जेवलं का विचारावं. बिझी. मग साखरपुड्याला कुठली साडी नेसू ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून परत एकदा.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. अश्विनी होती.

"मावशी," ती म्हणाली, "आमच्या दहा मिनिटांत तीन फोन आले, तिन्ही तुमचे. तुम्ही त्यांच्या कंपनीत लागलात का?"